मुंबईत आल्यावर गळ कुठे टाकायचा? गोड्या पाण्याच्या जागा शोधायची रीत

माझं लहानपण सांगलीजवळ कृष्णेच्या काठी गेलं. तिथे जागा शोधावी लागत नाही. कुठल्या घाटाखाली रोहू लागतो, कुठल्या बाभळीखाली मरळ बसते, हे वडिलांच्या बोटाला धरूनच कळतं. नोकरीसाठी मुलुंडला आलो, तेव्हा हे सगळं ज्ञान एका दिवसात निरुपयोगी झालं. इथे मासा म्हटलं की बोलणं पापलेट-सुरमईवर जातं. गोड्या पाण्यात गळ टाकायचाय म्हटलं, तर लोक पवईचं नाव घेतात आणि थांबतात.

पहिल्या रविवारी मी कल्याणला दुर्गाडी किल्ल्याखाली जाऊन बसलो. रुंद, संथ पाणी, नदीच वाटली. पेंडीचे गोळे टाकून तीन तास बसलो. मग पाणी उलटं चढायला लागलं. मागे जाळं विणत बसलेले काका म्हणाले, "अहो, ही खाडी हाय. भरती लागली. हितं रोहू कुठनं येणार?" त्या एका वाक्याने मला पुढची दिशा मिळाली. मुंबईच्या आसपास जागा शोधताना मासा कुठे आहे हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की पाणी कुठून येतं आणि ते कुणाचं आहे. या दोन गोष्टी कळल्या की निम्मं काम झालं. नव्याने आलेल्यांनी माझ्यासारखी दोन वर्षं घालवू नयेत, म्हणून मी ज्या क्रमाने शिकलो त्याच क्रमाने लिहितो.

आधी गोडं पाणी कुठे सुरू होतं ते ठरवा

वसई, ठाणे, कल्याण, पनवेल, नागोठणे इथलं पाणी खाडीचं. भरतीबरोबर खारं पाणी किती आत येतं हे नदीनदीवर बदलतं. ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. काठाला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, दिसली की पाणी खारं किंवा मचूळ. चिखलावर निवट्या मासे उड्या मारत असतील तरी तेच. काठच्या दगडांवर ओलेपणाची सरळ रेघ असेल आणि दोन-तीन तासांत पाणी त्या रेघेच्या वर-खाली होत असेल, तर ती भरती-ओहोटी. अशा ठिकाणी बोई, जिताडा, काळुंद्र मिळतील. तीही मासेमारी चांगलीच, पण तिचं शास्त्र वेगळं.

खाडी जिथे संपते, तिथे बहुतेक वेळा एखादा बंधारा किंवा खडकाळ उंबरा असतो. नकाशावर नदी धरून समुद्राकडून वर जात राहा. तिवरांची हिरवी पट्टी संपली, पात्र अरुंद झालं आणि मधे खडक दिसायला लागले, की तिथून वर आपला मुलूख.

उन्हाळ्यात कुठलं पाणी वाहतं?

सह्याद्रीच्या पश्चिमेच्या नद्या आखूड आणि उताराच्या. पावसाळ्यात तुडुंब, आणि फेब्रुवारीनंतर बऱ्याच ठिकाणी नुसते दगड. काळू, शाई, पिंजाळ यांच्या वरच्या भागात उन्हाळ्यात डोहच काय ते उरतात. रायगडकडे या डोहांना कोंड म्हणतात. पण काही नद्या मे महिन्यातही वाहत्या असतात, आणि त्या का वाहतात हे समजलं की जागांची यादी आपोआप तयार होते.

पहिलं कारण म्हणजे टाटांची वीजगृहं. खोपोलीचं 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली, भिऱ्याचं 1927 साली. घाटमाथ्यावर लोणावळा, मावळ, मुळशीत अडवलेलं पाणी मोठ्या नळांतून खाली सोडून वीज करतात, आणि वापरून झालेलं पाणी कोकणातल्या नद्यांत जातं. खोपोलीचं पाणी पाताळगंगेत, भिवपुरीचं पेज नदीतून उल्हासमध्ये, भिऱ्याचं कुंडलिकेत. मूळचं हे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी. ही धरणं आणि नळ नसते तर ते पूर्वेला गेलं असतं. कर्जतला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं, ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं.

या पाण्याचा स्वभाव मात्र वेगळा. विजेची मागणी वाढली की पाणी सुटतं, कमी झाली की उतरतं. पावसाचा थेंब नसताना गुडघाभर पाणी कंबरेला येऊ शकतं. म्हणून या नद्यांवर पात्रातल्या खडकावर जाऊन बसायचं नाही, काठ सोडायचा नाही. गावातल्या लोकांना पाणी कधी वाढतं त्याचा अंदाज असतो. "टाटाचं पाणी कधी येतं?" एवढंच विचारा. माशांच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. पाणी चढायला लागलं की काठच्या गवतातले किडे सुटतात आणि मासे कडेला येतात. माझा अनुभव असा, की चढत्या पाण्याच्या सुरुवातीला आणि उतरून स्थिरावल्यावर गळ चांगला लागतो. पाणी जोरात असताना काही हाती येत नाही.

दुसरं कारण मुंबईची तहान. भातसा धरणातलं मुंबईचं पाणी नदीच्या पात्रातूनच पिसे बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचललं जातं. त्यामुळे वासिंद, खडवली इथली भातसा नदी उन्हाळ्यातही जिवंत असते. बारवी धरणाचं पाणीही असंच नदीतून उल्हासमध्ये येतं. आपल्या नळाला येणारं पाणी कुठून येतं हे धरून उलटं जा, वाहती नदी सापडते.

मग हे पाणी कुणाचं?

हा भाग वगळू नका. मी वगळला होता. पहिल्या वर्षी एका लहान धरणाच्या फुगवट्यावर मी ऐटीत दोन रॉड लावून बसलो होतो. थोड्या वेळाने एक म्हातारे गृहस्थ आले आणि शांतपणे म्हणाले, "दादा, यात आम्ही बोटुकली सोडलीय. पैसे भरून." मला लाज वाटली. त्यांचं बरोबर होतं.

महाराष्ट्रात धरणं आणि तलावांतले मासेमारीचे हक्क बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. रोहू, कटला, मृगळ हे मासे साठलेल्या पाण्यात सहसा वीण घालत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून संस्था दरवर्षी मत्स्यबीज विकत आणून सोडते. तो मासा म्हणजे कुणाची तरी गुंतवणूक आहे. ठेका कुणाकडे आहे हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळतं. त्याहून लवकर कळतं ते धरणाखालच्या गावातल्या चहाच्या टपरीवर. संस्थेच्या अध्यक्षांना किंवा राखणदाराला भेटून "गळाने एक-दोन मासे धरायचेत, काय द्यायचं ते सांगा" असं सरळ विचारलं, तर बरेच जण परवानगी देतात. काही पैसे घेतात, ते द्यावेत आणि पावती मागावी. नाही म्हणाले तर रॉड गुंडाळून निघावं.

काही पाण्यांचा विचारच सोडा. विहार आणि तुळशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत, तानसा अभयारण्यात आहे. मोडकसागर आणि मध्य वैतरणा महापालिकेच्या ताब्यात आहेत. हे सगळं पिण्याचं पाणी आहे आणि तिथे पहारा असतो. पवई तलाव 1891 मधला. त्याचं पाणी पिण्यासाठी वापरत नाहीत. तिथे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. शहर न सोडता गोड्या पाण्यात गळ टाकायचा असेल तर आधी त्यांच्याकडे सभासदत्वाची चौकशी करा. तिथे जुनी, जाणती माणसं भेटतात, हा मोठा फायदा. पवईत मगरी आहेत, त्यामुळे पाण्यात पाय सोडून बसणं किंवा अडकलेला गळ काढायला आत उतरणं पूर्ण वर्ज्य. ठाणे आणि इतर शहरांतले तलावही पालिकांचे असतात, तिथेही विचारल्याशिवाय तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडू नये.

वाहत्या नदीवर प्रश्न वेगळा असतो. नदी सरकारची असली तरी काठाला जायची वाट कुणाच्या तरी शेतातून जाते. कर्जत-नेरळच्या पट्ट्यात तर फार्महाऊसच्या कुंपणांमुळे बराच काठ बंद झालाय. पूल, घाट, स्मशानाकडची वाट, गुरं पाण्यावर नेण्याची वाट, या सार्वजनिक वाटा टिपून ठेवा.

मे महिन्यात रॉड न घेता जा

सगळ्या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. जागा मेमध्ये शोधायची आणि गळ ऑक्टोबरपासून टाकायचा.

मे महिन्यात धरण आपला तळ उघडा करून दाखवतं. जानेवारीत जिथे नुसता सपाट आरसा दिसतो, तिथे मेमध्ये जुनी नदी कुठून वळत होती, बुडालेला बांध कुठे आहे, झाडांचे बुंधे कुठे उभे आहेत, विहिरीचं कठडं कुठे आहे, हे सगळं दिसतं. मासा सपाट चिखलावर फार वेळ थांबत नाही. जुन्या पात्राची कड, बांधाची कड, बुंध्यांची सावली, ओढा धरणाला मिळतो ते तोंड, अशा जागांवर तो फिरतो. फोनमध्ये प्रत्येक ठिकाणाचा फोटो काढा, आणि फोटोत मागे एक कायमची खूण येऊ द्या: डोंगराचं शिखर, विजेचा टॉवर, देऊळ. पाणी भरल्यावर तळ दिसणार नाही, पण शिखर आणि टॉवर दिसतील. त्या दोन खुणांच्या रेषेत उभं राहून तुम्ही बुडालेल्या बांधावर नेमका गळ टाकू शकता. माझ्या सगळ्या चांगल्या जागा अशाच सापडल्या आहेत.

नदीवरही हेच. उन्हाळ्यात जो डोह आटत नाही, त्यात आजूबाजूच्या कोसभर पात्रातले मासे जमतात. अशा डोहाची खोली, त्याच्या वरचा धावता उतार, खालचा पसरट भाग, सगळं बघून ठेवा. पण आटत आलेल्या डोहात अडकलेले मासे उपसू नका. पुढच्या पावसाचं बियाणं तेच आहे.

जाण्याआधी घरी बसून नकाशा बघून घ्या. गूगल अर्थच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. एकाच धरणाचं डिसेंबरचं आणि मेचं चित्र शेजारी ठेवलं की उतार कुठे सावकाश आहे आणि कुठे तुटका, हे लगेच कळतं. ज्या काठावर दोन्ही चित्रांत पाण्याची रेघ जवळजवळ सारखी, तिथे कड खोल. जिथे रेघ खूप मागे सरकते, तिथे पाणी उथळ. भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशेही संकेतस्थळावर मिळतात, त्यात लहान ओढे आणि बंधारे असतात.

सोयीचा विचारही आत्ताच करा. मध्य रेल्वे हे आपलं मोठं भाग्य आहे. कर्जतच्या मार्गावर बदलापूरपासून पुढे वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड असं उल्हासच्या खोऱ्यातूनच जाता येतं. कसाऱ्याच्या मार्गावर टिटवाळ्याला काळू आणि खडवली-वासिंदला भातसा. घडी होणारा रॉड पिशवीत बसतो, पहाटेच्या लोकलला गर्दी नसते. खडवलीला मात्र रविवारी पोहणाऱ्यांची झुंबड असते, मधल्या वारी जा.

माणसं

नकाशा पाणी दाखवतो, मासा दाखवत नाही. त्यासाठी माणसं लागतात, आणि बोलायची रीत लागते. "इथे मासे कुठे मिळतात?" असं कुणी परक्याने विचारलं तर कुणीही आपली जागा सांगणार नाही. मी दुसरीकडून सुरुवात करतो.

आधी गावच्या बाजारात जा. मुंबईच्या बाजारातला बराचसा रोहू-कटला आंध्रातून बर्फात येतो, सगळा साधारण एका मापाचा. पण मुरबाड, शहापूर, कर्जतच्या बाजारात एखादी मावशी टोपलीत मिसळ मासे घेऊन बसलेली असते: दोन मरळी, एक वाम, मूठभर मळे, चार-पाच शिंगट्या. तो नक्की जवळच्या पाण्यातला. पावकिलो विकत घ्या आणि विचारा, "मावशी, हे नदीचे का धरणाचे?" उत्तर मिळतं. दुसऱ्या खेपेला गावाचं नाव मिळतं. तिसऱ्या खेपेला एखादीने मला स्वतःहून सांगितलं होतं, की माझा भाऊच धरतो, त्याच्याकडे जा.

कातकरी समाजातल्या जुन्या माणसांइतकं नदीचं ज्ञान मी कुणाकडे पाहिलं नाही. कुठल्या दगडाखाली वाम असते, पाण्याचा रंग बदलला की काय होणार, हे त्यांना बघताक्षणी कळतं. त्यांच्यासाठी मासा म्हणजे घरातलं जेवण आहे, आपल्यासाठी सुटीचा आनंद. म्हणून ते ज्या डोहावर बसलेत तिथे आपण पसरायचं नाही. विचारून लांब बसायचं, आणि दिवसभर कुणी सोबत आलं तर त्याच्या रोजाचे पैसे द्यायचे.

एक शब्द लक्षात ठेवा. कोकणात गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे. "काका, इथे कुणी गरवतं का?" असं विचारलं की समोरचा माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

पाणी वाचायला शिका

आता रॉड घ्या, पण पहिल्या फेरीत गळ बांधू नका. तंगुसाच्या टोकाला नुसतं शिसं बांधा आणि टाकत राहा. पाण्याला लागल्यापासून तळाला टेकेपर्यंत मनात आकडे मोजा. इथे चार आणि पाच हात पलीकडे नऊ, म्हणजे मधे कड आहे. मग शिसं हळूहळू ओढा. मऊ, चिकट ओढ लागली तर चिखल. टकटक जाणवलं तर दगड. अडकून सुटलं तर फांद्या किंवा शेवाळ. तासाभरात पाण्याखालचा नकाशा हातात येतो.

पहाटे अर्धा तास नुसतं बघत बसा. बारीक बुडबुड्यांची रांग सरकत असेल तर तळाला मृगळ किंवा रोहू चिखल उकरतोय. पृष्ठभागावर जाड पाठ वळताना दिसली तर बहुधा कटला, तो वरच्या थरात खातो. खंड्या एकाच फांदीवर पुन्हा पुन्हा येत असेल तर खाली बारीक मासळी आहे, आणि तिच्यामागे मरळ-शिवडा असतात. वारा ज्या काठाला लागतो तिथे तरंगतं खाद्य साचतं, तिथे बसायला त्रास होतो पण मासा तिथेच. एक खूण मात्र फसवी असते, ती सांगतो. जलपर्णीने झाकलेल्या तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. ते भुकेने नव्हे, पाण्यात प्राणवायू कमी पडल्याने. तिथे गळाला काही लागत नाही.

आमिषाबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाची कृती वेगळी. नव्या पाण्यावर मी एका रॉडला गांडूळ आणि दुसऱ्याला कणकेची गोळी लावतो. चिलापीपासून शिंगटीपर्यंत तिथे काय काय आहे ते गांडूळ सांगतं. रोहू-मृगळ असले तर ते कणकेवर येतात.

वर्षाचं गणित

जून ते ऑगस्ट नदीवर जाऊ नका. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. आगगाडी थांबवणारं ते पाणी आहे. शिवाय पहिल्या पावसाला वळगणीचे मासे अंडी घालायला ओढ्यांतून, भाताच्या खाचरांत चढतात. गावकरी पिढ्यान्‌पिढ्या त्यातले थोडे खातात, त्यांचं ते एक-दोन दिवसांचं सुख आहे. पण शहरातून गाड्या भरून जाऊन गाभोळीचे मासे गोळा करणं मला पटत नाही. तेवढे दिवस घरी राहून रीळ साफ करावी.

सप्टेंबरअखेर पाणी निवळतं. तेव्हापासून नोव्हेंबरपर्यंत मरळीसाठी सगळ्यात छान. थंडीत रोहू-कटला मंदावतात, तेव्हा पहाटेपेक्षा उन्हं वर आल्यावर बसावं. मार्च-एप्रिलमध्ये पाणी तापलं की ते पुन्हा खायला लागतात. मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर तिथे गळ टाकू नका. खाली आई-बाप राखण करत असतात, ते गेले की सगळा थवा संपतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं महसीरचं बीजोत्पादन केंद्र बऱ्याच वर्षांपासून आहे. घाटाखालच्या नद्यांत कधी महसीर, म्हणजे आपली खडशी, गळाला लागली तर ओल्या हाताने गळ काढून लगेच सोडा.

खायचा की नाही, आणि जीव

मी एकच नियम पाळतो: कारखान्यांच्या वरचं पाणी. पाताळगंगेत रसायनीच्या वर, कुंडलिकेत धाटावच्या वर, उल्हासमध्ये बदलापूरच्या वर. त्याखालचा मासा कितीही देखणा असला तरी सोडून देतो. पवईचा आणि शहरातल्या कुठल्याही तलावाचा मासा मी घरी आणत नाही.

सुरुंग किंवा विष टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. कुठे पाण्यावर पांढरी पोटं तरंगताना दिसली तर त्यातला एकही मासा उचलू नका, गावच्या पोलीस पाटलांना सांगा.

धरणाखाली बसला असाल आणि भोंगा ऐकू आला, तर सामान सोडून वर चढा. सांडव्याच्या तोंडाशी कधीच बसू नका. खोपोली-भिवपुरीकडे वरून उच्चदाबाच्या तारा जातात, आणि कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. रॉड उभा करण्याआधी वर बघायची सवय लावा. ऑक्टोबरमध्ये दुपारी गडगडलं की रॉड आडवा ठेवून लांब व्हा. गवतात फुरसं असतं, बूट घाला. पायाला जखम असेल तर पावसाळ्यानंतरच्या साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा, धोका असतो.

वही

प्रत्येक फेरीनंतर लोकलमध्ये बसल्या बसल्या मी चार ओळी लिहितो. तारीख, पाण्याची पातळी काठाच्या कुठल्या दगडापर्यंत, रंग, वारा कुठून, कुठल्या खुणांच्या रेषेत बसलो, काय लागलं किंवा लागलं नाही. न लागलेले दिवसही लिहायचे, ते जास्त उपयोगी पडतात. शेवटच्या पानावर माणसं: कुठल्या गावात कुणाला भेटलो, त्यांनी काय सांगितलं, त्यांना पुढच्या वेळी काय न्यायचं कबूल केलंय. भातसेकाठच्या एका काकांना मी सांगलीची हळद नेतो. मागच्या खेपेला त्यांनी मला वहीत नसलेला एक डोह दाखवला.